विजय कोणाचा : चालकाचा कीं एंजिनाचा ?

घोड्यांच्या शर्यतीचा निकाल छापतांना वर्तमानपत्रें घोड्याचें नांव आधीं देतात आणि स्वाराचें मागाहून. त्यांत कोणालाहि वावगें वाटत नाहीं. धांवला तो घोडा, धांवविलें तें स्वारानें, एवढा हिशेब सर्वांना मान्य असतो. एंजिनाच्या बोटींच्या शर्यतींत मात्र हा हिशेब इतका सरळ राहात नाहीं. तेथें घोड्याच्या जागीं एक यंत्र असतें. तें कारखान्यांत घडतें, दुकानांत विकलें जातें, आणि ज्याच्यापाशीं पैसा अधिक त्याला तें अधिक चांगलें मिळूं शकतें. मग पहिल्या आलेल्या बोटीचा मान कोणाचा ? सुकाणूं धरणाऱ्याचा, एंजिन घडविणाऱ्याचा, कीं तें विकत घेण्याची ऐपत असणाऱ्याचा ? या प्रश्नाचा मोठ्या चिकाटीनें पाठपुरावा करणारा एक लहानसा खेळ आहे. 'स्टॉक आउटबोर्ड' बोटींच्या शर्यती हा तो खेळ होय.

आउटबोर्ड एंजिन ही वस्तु महाराष्ट्राला अनोळखी नाहीं. कोंकणच्या खाड्यांतून व गोव्याच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या लहान होड्यांच्या मागच्या फळीवर असें एंजिन अडकविलेलें दिसतें. वर एंजिनाची पेटी, खालीं पाण्यांत बुडालेला उभा दांडा, आणि त्याच्या टोंकाशीं फिरणारा पंखा, एवढाच हा संसार. होडीला भोंक पाडावें लागत नाहीं. वेगळें सुकाणूं लागत नाहीं. सबंध यंत्रच डावीउजवीकडे वळविलें कीं होडी वळते. आणि काम संपलें कीं तें काढून घरीं नेतां येतें. 'स्टॉक' या शब्दाचा अर्थ दुकानांतील साठा. जींत कोणालाहि दुकानांतून घेतां येईल असेंच एंजिन, त्यांत फेरफार न करतां, वापरावयाचें ती स्टॉक शर्यत. हा नियम वाचावयास सोपा आहे. तो पाळावयास व इतरांकडून पाळवून घ्यावयास किती कठीण आहे, हाच या खेळाचा इतिहास.

या एंजिनाचा जन्म अमेरिकेंतला. १९०५ च्या सुमारास येल विद्यापीठांत कायद्याचा अभ्यास करणाऱ्या कॅमेरॉन वॉटरमन या तरुणानें होडीच्या मागें लावण्याचें एक पेट्रोल एंजिन बनविलें व लौकरच तें विकावयास आरंभ केला. परंतु ही वस्तु घरोघरीं नेण्याचें श्रेय सामान्यतः दिलें जातें तें ओले एव्हिनरूड यास. एव्हिनरूड १८७७ सालीं नॉर्वेंत जन्मला व लहानपणींच आईबापांबरोबर अमेरिकेंतील विस्कॉन्सिन प्रांतांत आला. मिलवॉकी शहरांत तो सांचे बनविण्याचें व यंत्रकामाचें दुकान चालवीत असे. त्याच्याविषयींची एक गोष्ट त्या देशांत शाळकरी मुलेंहि सांगतात. उन्हाळ्याच्या एका दिवशीं ओकॉची सरोवराच्या कांठीं वनभोजन चालू होतें. त्याची वाग्दत्त वधू बेस हिला आइस्क्रीम खावेंसें वाटलें. तें आणण्यासाठीं तो होडी वल्हवीत पलीकडच्या तीरावर गेला. आणि परत येईपर्यंत आइस्क्रीमचें पाणी झालें. वल्ह्यांच्या जागीं एंजिन असतें तर, हा विचार त्याला तेव्हां सुचला असें म्हणतात. गोष्टींत भर किती व खरें किती हें बाजूला ठेवलें, तरी १९०९ सालीं त्याचें दीड अश्वशक्तीचें, ६२ पौंड वजनाचें एंजिन बाजारांत आलें, हें खरें. त्याचा कारखाना यंत्राच्या गुणाइतकाच बेसच्या लेखणीवर चालला. वल्हीं फेंकून द्या, अशा अर्थाची तिची जाहिरात त्या काळीं फार गाजली. हिशेब, पत्रव्यवहार आणि जाहिरात हीं तिघेंहि तीच सांभाळीत असे.

पुढें बेसची प्रकृति ढांसळली, तेव्हां १९१४ च्या सुमारास एव्हिनरूडनें आपला हिस्सा भागीदाराला विकला आणि पांच वर्षें या धंद्यांत न पडण्याचें वचन दिलें. वचनाची मुदत संपतांच तो नवी कल्पना घेऊन परतला. १९२१ सालीं त्याचें 'एल्टो' हें अ‍ॅल्युमिनमचें, दोन सिलिंडरांचें, ३ अश्वशक्तीचें एंजिन बाजारांत आलें. त्याचें वजन अवघें ४८ पौंड होतें. परंतु त्याच सुमारास इंडियाना प्रांतांतील जॉन्सन बंधूंनीं २ अश्वशक्तीचें, केवळ ३५ पौंडांचें एंजिन काढलें. ओझें कमी आणि ताकद अधिक, अशी ही चढाओढ सुरू झाली; आणि शर्यतीचें बीज तिच्यांतच होतें.

तें बीज रुजलें तें पाण्याच्या एका गुणामुळें. मंद गतीनें जाणारी होडी पाणी कापीत जाते. ती जितकें पाणी बाजूला सारते, तितकी तिची शक्ति खर्च होते. परंतु सपाट तळाच्या हलक्या बोटीला एका मर्यादेपलीकडे गति मिळाली, कीं ती पाण्याच्या पृष्ठभागावर चढते व लहान मुलांनीं भिरकावलेल्या खापरीप्रमाणें वरच्या वर घसरत जाते. तेथून पुढें थोड्या शक्तीनेंहि मोठी गति साधते. जॉन्सन बंधूंच्या १९२६ च्या सुमाराच्या ६ अश्वशक्तीच्या एंजिनानें हलकी बोट ताशीं १६ मैलांपर्यंत नेली, आणि मासे धरण्यासाठीं जन्मलेलें यंत्र एका रात्रींत खेळाचें साधन बनलें. अमेरिकेच्या सरोवरांतून व नद्यांतून शर्यती भरूं लागल्या. हडसन नदींतून ऑल्बनीपासून न्यूयॉर्क शहरापर्यंतची सवाशें मैलांहून लांब शर्यत ही त्यांतली मोठी मानाची. लाटा, तरंगतीं लाकडें आणि मोठ्या जहाजांच्या मागचे उसळते पाट यांतून गुडघ्यांवर बसून धक्के सोसीत जाणाऱ्या चालकांपैकीं पुष्कळांची मजल अर्ध्यावरच संपे.

हा खेळ केवळ पुरुषांचा राहिला नाहीं, हें विशेष. कॅलिफोर्नियांतील लोरेटा टर्नबुल ही तरुणी १९३० च्या आगेमागें 'सनकिस्ट किड' या नांवाच्या बोटींतून पुरुषांच्या बरोबरीनें शर्यती खेळली व जिंकली. एंजिनाला चालकाचें वय, कूळ किंवा स्त्रीपुरुषभेद कळत नाहीं. बोट जितकी हलकी तितकी ती जलद, म्हणून अंगानें सडसडीत माणसाला उलट लाभच.

प्रारंभीं एंजिनांचे वर्ग सिलिंडरांच्या पोटांतील जागेवरून पाडण्यांत आले. 'अ' वर्ग सुमारें १४ घनइंचांपर्यंत, 'ब' २० पर्यंत, 'क' ३० पर्यंत, अशी ही चढती भांजणी होती. वरकरणीं हा न्याय पुरेसा वाटतो. परंतु नियम मोजीत होता तें पोकळीचें माप. त्या पोकळींत काय जाळावें व किती वेगानें जाळावें यावर बंधन थोडें होतें. तेव्हां कारखान्यांनीं केवळ शर्यतीसाठीं खास एंजिनें काढलीं. पेट्रोल जाऊन त्याच्या जागीं मद्यार्क आला, आणि वंगणासाठीं त्यांत एरंडेल मिसळण्यांत येऊं लागलें. आपल्याकडे ज्या तेलाच्या नुसत्या वासानें मुलें पळतात, त्याच्या जळक्या वासाची या खेळाच्या शौकिनांना गोडी लागली. गति वाढली, परंतु खर्चहि वाढला. फ्रान्सच्या झां द्यूप्वी यानें १९३९ सालीं सोरियानो एंजिनावर ताशीं ७९ मैलांचा विक्रम केला. सोरियानो हा स्पेनचा एक धनाढ्य सरदार, आणि त्याचीं एंजिनें म्हणजे हातांनीं घडविलेले दागिनेच होते. ज्या खेळाचा आरंभ आइस्क्रीम आणणाऱ्या कारागिराच्या होडीपासून झाला, तो असा श्रीमंतांच्या अंगणांत जाऊन बसला.

दुसरें महायुद्ध संपल्यावर या स्थितीवर जो उपाय निघाला तोच स्टॉक वर्ग होय. १९०३ सालीं स्थापन झालेल्या अमेरिकन पॉवर बोट असोसिएशननें युद्धानंतरच्या थोड्याच वर्षांत या वर्गाला मान्यता दिली. एंजिन कारखान्याच्या यादींतलें हवें; इंधन साधें पेट्रोल व तेल; आंतले भाग जसे आले तसे. बोट व चालक यांचें मिळून किमान वजन ठरलेलें. शर्यत संपली कीं पुढें आलेल्या बोटींचीं एंजिनें परीक्षकांसमोर उघडावयाचीं. सिलिंडरांचा व्यास, वायूच्या वाटा, पंख्याकडे जाणाऱ्या दांतेरी चाकांचें प्रमाण, सर्व मोजून पाहावयाचें. आणि एका केंसाइतकाहि फरक आढळला तर विजय रद्द. जिंकलेल्या माणसाला टाळ्या मिळाल्यावर मेजापाशीं उभें राहून आपल्या यंत्राचें शवविच्छेदन पाहावें लागे. मोठ्या नांवाच्या खेळाडूंचेहि विजय या मेजावर हातचे गेलेले आहेत.

ही कल्पना लोकांना फार आवडली. युद्धावरून परतलेला यांत्रिक, पेट्रोलपंपावर काम करणारा, शाळकरी मुलगा, शेतकरी, सर्वांना आतां हें दार उघडलें. बोट तर घरींच बांधतां येई. तक्ते, लांकडी बरगड्या, पितळी खिळे व रंग एवढें साहित्य जमविलें कीं मोटारीच्या कोठींत हिंवाळ्याच्या सुटींत ती तयार होई. हॅल केली या नामांकित चालकानें स्वतः आंखलेल्या बोटींचे नकाशे मासिकांतून प्रसिद्ध झाले, आणि त्यांवरून बापलेकांनीं बोटी बांधल्या. दोन प्रकार मुख्य : एक साध्या निमुळत्या तळाची, जिला 'रनअबाउट' म्हणत, आणि दुसरी, पुढें दोन्ही बाजूंना उंचवटे असलेली, पूर्ण वेगांत केवळ दोन लहान टेंकूंवर व मागच्या पंख्यावर तरंगणारी 'हायड्रोप्लेन'. चालक तींत गुडघे टेकून बसतो. उजवा किंवा डावा हात एका खटक्यावर असतो, आणि हात सुटला कीं तो खटका आपोआप मिटून एंजिनाचा दम तोडतो. माणूस पाण्यांत पडला तर बोट एकटीच सुसाट जाऊं नये यासाठीं ही योजना. शर्यतीचा आरंभ बंदुकीच्या आवाजावर उभ्या बोटींनीं होत नाहीं. मोठ्या घड्याळाकडे पाहात सर्वजण धांवत्या बोटी घेऊन येतात, आणि कांटा शून्यावर येतो त्याच क्षणीं रेषा ओलांडावयाची असते. लौकर आला तो बाद, उशिरा आला तो मागें. शर्यतीचा अर्धा निकाल त्या एका क्षणांत लागतो, आणि तो क्षण कोणत्याहि दुकानांत विकत मिळत नाहीं.

परंतु याच वेळीं विस्कॉन्सिन प्रांतांत असा एक माणूस कामाला लागला होता, कीं त्यानें दुकान आणि शर्यत यांमधली भिंतच पाडून टाकली. त्याचें नांव एल्मर कार्ल कीकहेफर. १९३९ सालीं त्यानें सीडरबर्ग येथील एक बुडित कारखाना घेतला. त्याच्या गोदामांत 'थोर' नांवाचीं तीनशें आउटबोर्ड एंजिनें पडून होतीं; माँटगोमेरी वॉर्ड या मोठ्या पेढीनें तीं सदोष म्हणून परत केलेलीं होतीं. कीकहेफरचा बेत वेगळाच धंदा करण्याचा होता. परंतु हातीं पैसा यावा म्हणून त्यानें तीं एंजिनें दुरुस्त केलीं. तीं इतकीं चांगलीं चाललीं कीं त्याच पेढीनें आणखी मागविलीं. पुढें त्यानें आपल्या एंजिनाला 'मर्क्युरी' हें नांव दिलें. रोमन लोकांच्या शीघ्रगति देवदूताचें तें नांव, आणि इंग्रजींत पाऱ्याचेंहि. युद्धकाळांत सैन्यासाठीं करवतीचीं एंजिनें करतां करतां हलक्या, वेगानें फिरणाऱ्या व दणकट एंजिनाची विद्या त्यानें आत्मसात् केली.

१९४७ सालीं मर्क्युरीचें 'लाइटनिंग' हें १० अश्वशक्तीचें एंजिन निघालें, आणि १९४९ सालीं चार सिलिंडरांचें 'थंडरबोल्ट'. इतर एंजिनांत धातूच्या साध्या कड्यांवर फिरणारे भाग मर्क्युरीनें घड्याळांतील खड्यांप्रमाणें गोळ्यांच्या व रुळांच्या आधारावर बसविले. त्यामुळें घर्षण कमी झालें व मिनिटाला होणारे फेरे वाढले. पाटीवरची अश्वशक्ति कमी आणि अंगांतली अधिक, असा या एंजिनांचा लौकिक होता. १० अश्वशक्तीचें म्हणून घेतलेलें मर्क्युरी त्याच आंकड्याच्या दुसऱ्या एंजिनाला सहज मागें टाकी. पाठोपाठ 'हरिकेन' जातीचीं एंजिनें आलीं, आणि त्यांना जोडण्यासाठीं 'क्विक्सिल्व्हर' नांवाचें खालचें अंग आलें. यांत मागें जाण्याची सोय नाहीं, एंजिन चालू ठेवून थांबण्याची सोय नाहीं. पाणी चिरीत जाणारा निमुळता आकार आणि पंख्याला थेट मिळणारा वेग, एवढेंच त्यांत होतें. मासे धरणाऱ्याला त्याचा कांहीं उपयोग नव्हता. परंतु तें कारखान्याच्या यादींत होतें, किंमत छापलेली होती, आणि कोणालाहि मिळत होतें. नियमाच्या अक्षराप्रमाणें तें 'स्टॉक' होतें. नियमाच्या आत्म्याप्रमाणें तें शर्यतीचेंच यंत्र होतें.

प्रतिस्पर्धीहि स्वस्थ बसले नाहींत. मिनिॲपोलिस येथील चँपियन कंपनीनें 'हॉट रॉड' काढलें. स्कॉट-ॲटवॉटरनें 'ग्रीन हॉर्नेट' काढलें. आणि स्वयंपाकघरांतील प्रेशर कुकर बनविणाऱ्या विस्कॉन्सिनच्या एका कंपनीनें 'मार्टिन' जातीचीं एंजिनें पाण्यांत उतरविलीं. परंतु १९५० नंतरच्या कांहीं वर्षांत ज्याला जिंकावयाचें त्यानें मर्क्युरी घ्यावें, हा जणूं रिवाज होऊन बसला. कीकहेफरला शर्यतीचें महत्त्व पुरतें कळलेलें होतें. जमिनीवरहि त्यानें तोच प्रयोग केला, आणि १९५५ व १९५६ या दोन्ही वर्षीं स्टॉक मोटारींच्या राष्ट्रीय स्पर्धेचें विजेतेपद त्याच्या मोटारी चालविणाऱ्यांनीं मिळविलें. येथें मूळचा प्रश्न नव्या रूपानें उभा राहातो. श्रीमंताचा वरचष्मा मोडण्यासाठीं जो नियम केला, त्यानें कारखानदाराचा वरचष्मा निर्माण केला. मात्र एक मोठा फरक पडला. श्रीमंताचें एंजिन एकालाच मिळे. कारखान्याचें सर्वांना मिळूं लागलें. आरंभाच्या रेषेवर येणाऱ्या बहुतेक बोटींवर जेव्हां एकाच जातीचें एंजिन दिसूं लागलें, तेव्हां एंजिनाचा प्रश्न आपोआप मिटला आणि पुन्हा माणसाकडे पाहावें लागलें.

त्या माणसांपैकीं दोघांचीं चरित्रें या दृष्टीनें बोलकीं आहेत. सिअ‍ॅटल शहरच्या ह्यूबर्ट एन्ट्रॉप यानें १९५८ सालीं वॉशिंग्टन सरोवरावर मर्क्युरी एंजिनाच्या बोटींतून ताशीं १०७.८२१ मैलांचा आउटबोर्ड विक्रम केला. ही कांहीं स्टॉक शर्यत नव्हे, घड्याळाशीं केलेली झुंज होती. मर्क्युरीचा प्रतिस्पर्धी कारखाना, ओले एव्हिनरूडच्या नांवाचा, जागा झाला. १९६० सालीं बर्ट रॉस यानें एव्हिनरूड एंजिनावर तो विक्रम मोडला. आणि त्याच वर्षीं खुद्द एन्ट्रॉप एव्हिनरूडच्या बोटींत बसला व ॲरिझोनांतील हॅवासू सरोवरावर १२२.९७९ मैलांपर्यंत गेला. तोच माणूस, परंतु एंजिनावरची पाटी बदललेली. आणि विक्रम त्याच्या मागोमाग या कारखान्याकडून त्या कारखान्याकडे गेला. दोन्ही कारखान्यांनीं जाहिरातींतून तो आपापल्या यंत्राचा म्हणून सांगितला.

दुसरा डीन चेनोवेथ, ओहायो प्रांतांतील झीनिया गांवचा. आउटबोर्डच्या लहान बोटींवर त्याचा हात तरुणपणीं बसला. पुढें तो विमानाच्या एंजिनावर चालणाऱ्या अवाढव्य हायड्रोप्लेनांच्या शर्यतींत उतरला आणि 'मिस बडवायझर' बोटींतून त्यानें अमेरिकेचा 'गोल्ड कप' चार वेळां जिंकला. गुडघ्यांवर बसून शिकलेलें घड्याळाचें भान आणि वळणावरची सावधगिरी हेंच त्याचें भांडवल होतें. १९८२ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस कोलंबिया नदीवर पात्रतेची फेरी मारतांना त्याची बोट हवेंत उलटली व तो गतप्राण झाला. विजयांत एंजिनाचा वांटा किती याबद्दल वाद घालतां येतो. जोखमींत मात्र एंजिनाचा वांटा नसतो. ती सर्वस्वीं माणसाची असते.

इकडे बाजार बदलत होता. अमेरिकेंतील कुटुंबांना आतां भारी, खटक्यानें सुरू होणारीं, मुलांना पाण्यावर ओढीत नेणारीं एंजिनें हवीं होतीं. लहान, उघडींनागडीं, मागें न जाणारीं एंजिनें कोण घेणार ? १९६१ सालीं मर्क्युरी कारखाना ब्रन्सविक कंपनींत विलीन झाला, आणि १९७० सालीं कीकहेफर स्वतः तेथून बाहेर पडला. शर्यतीच्या जुन्या एंजिनांची पैदास बंद पडत गेली. तेव्हां एक मौजेची उलटापालट झाली. 'स्टॉक' म्हणजे दुकानांतील साठ्याचें. परंतु आतां दुकानांत साठाच नव्हता. लोक अडगळीच्या खोल्या धुंडाळून जुनीं मर्क्युरी एंजिनें शोधूं लागले. एका एंजिनाचे सुटे भाग दुसऱ्याला लावून त्यांना जिवंत ठेवूं लागले. ज्या यंत्राची खरी पात्रता त्याच्या सर्वसुलभतेंत होती, तें आतां दुर्मिळ झालें.

या कोंडींतून वाट काढण्यासाठीं जें एंजिन अमेरिकेंत पुढें आलें, तें जपानचें होतें. आणि त्याच्या मागें जपाननें या जुन्या प्रश्नाला दिलेलें अगदीं निराळें उत्तर होतें.

युद्धांत उद्ध्वस्त झालेल्या जपानांत १९५१ सालीं मोटारबोट शर्यतींचा कायदा झाला, आणि ६ एप्रिल १९५२ रोजीं नागासाकी प्रांतांतील ओमुरा येथें पहिली शर्यत झाली. आज त्या देशांत अशीं चोवीस मैदानें आहेत. शर्यतीवर लोक पैसे लावतात. उत्पन्नाचा वांटा स्थानिक संस्थांना व लोकोपयोगी कामांना जातो. कुष्ठरोगाच्या निर्मूलनासाठीं जगभर, आणि भारतांतहि, साह्य करणारी निप्पॉन फाउंडेशन ही संस्था याच पैशांवर उभी राहिली. जेथें जुगार आहे तेथें संशय आहे. आणि अमेरिकेंत जें काम खिलाडू वृत्तीवर सोंपविलें होतें, तें जपाननें संशयावर सोंपविलें. बोट खेळाडूची नाहीं व एंजिनहि खेळाडूचें नाहीं. दोन्ही मैदानाच्या मालकीचीं. स्पर्धेच्या आदल्या दिवशीं चिठ्ठ्या टाकून कोणाला कोणतें एंजिन हें ठरतें. सर्व एंजिनें एकाच 'यामातो' जातीचीं असतात. तरीहि एकाच सांच्यांतून निघालेलीं दोन एंजिनें सारखीं नसतात, हें जपानी लोक जाणतात. म्हणून प्रत्येक एंजिनाचा पूर्वेतिहास, तें शेंकडा किती वेळां पहिलें-दुसरें आलें हा आंकडा, आधींच छापला जातो. घोड्याप्रमाणें एंजिनालाहि तेथें वंशावळ नाहीं तरी कुंडली असते.

सहा बोटी, ३०० मीटर अंतरावरचीं दोन वळणें, तीन फेऱ्या, एकूण १,८०० मीटर. असा हा सुमारें पावणेदोन मिनिटांचा सामना. आरंभ तसाच धांवता, आणि मोठ्या घड्याळाचा कांटा शून्यावर गेल्यानंतर एका सेकंदाच्या आंत रेषा ओलांडलीच पाहिजे. त्याआधीं ओलांडणाऱ्याची बोट बाद होते, त्याच्यावर लावलेले पैसे लोकांना परत मिळतात, आणि त्याला कांहीं काळ खेळण्याची बंदी होते.

एंजिनाची असमानता चिठ्ठीनें नष्ट केली, तेव्हां ती दुसऱ्या दारानें आंत आली. १९८८ पासून प्रत्येक खेळाडूला स्वतःचा पंखा आणण्याची मुभा मिळाली. लगेच पंखे ठोकून घडविणाऱ्यांचे गट तयार झाले, आणि ज्याच्यापाशीं उत्तम पंखा त्याचें कोणतेंहि एंजिन उत्तम, अशी स्थिति आली. २०१२ सालीं ही मुभा काढून घेण्यांत आली. पंखाहि मैदानाचा झाला. आतां खेळाडूच्या हातीं उरली ती एक हातोडी आणि थोडा वेळ. त्या वेळांत मिळालेला पंखा आपल्या एंजिनाच्या स्वभावाला जुळेल असा ठोकून घ्यावयाचा, एवढीच यंत्रविद्या त्याला मोकळी आहे.

या बंधनांतून जें फुललें तें कौशल्यच. इमामुरा युताका या खेळाडूनें १९८१ सालीं पदार्पण केलें, आणि वेग न कमी करतां वळण घेण्याच्या त्याच्या पद्धतीनें सबंध खेळाची चाल पालटली. इइदा या खेळाडूनें वळतांना गुडघे उचलून, जवळजवळ उभें राहून, अंगाचा भार बोटीच्या आंतल्या बाजूस टाकण्याची रीति आणली. स्वार घोड्यावर वांकतो तशी ही रीति आज सर्वत्र रूढ आहे. आणि काटो शुन्जी १९५९ पासून २०१५ पर्यंत, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षापर्यंत, शर्यती खेळला. या छपन्न वर्षांत त्याच्या हाताखालून असंख्य एंजिनें गेलीं व भंगारांत गेलीं; घड्याळाचा कांटा ओळखणारा डोळा मात्र तोच राहिला.

जपानचीं हीं यामातो एंजिनें पुढें अमेरिकेंतील स्टॉक वर्गांतहि वापरांत आलीं. ज्या देशानें हा खेळ निर्माण केला, त्याच्या सरोवरांवर आतां त्या दूरच्या देशाचें एंजिन धांवूं लागलें. आणि आरंभींचा कारखाना ? ओले एव्हिनरूड १९३४ सालीं वारला. त्याच्या नांवाची कंपनी जॉन्सनशीं एकत्र येऊन मोठी झाली. इसवी सन २००० मध्यें तिचें दिवाळें निघालें. आणि नव्या मालकांनीं चालविलेलें एव्हिनरूड एंजिनांचें उत्पादनहि २०२० सालीं कायमचें बंद झालें. वल्हीं फेंकून द्या म्हणणारी ती पाटी एकशें अकरा वर्षें टिकली.

मग विजय कोणाचा ? एकच मापाचें एंजिन, एकच जातीचें एंजिन, चिठ्ठीनें मिळालेलें एंजिन, आणि शेवटीं पंखाहि चिठ्ठीचा. एवढी खटपट माणसानें एवढ्याचसाठीं केली कीं आपल्या विजयांत आपला वांटा किती हें त्याला कळावें. तो वांटा संपूर्णपणें कधींच वेगळा काढतां आला नाहीं. परंतु प्रत्येक नव्या नियमाबरोबर, पूर्वीं ज्याला दार बंद होतें असा कोणी तरी आंत आला, हा या खटपटीचा लाभ लहान नाहीं. २१ मार्च २०२२ रोजीं ओमुरा येथें, जेथें सत्तर वर्षांपूर्वीं जपानची पहिली शर्यत झाली त्याच पाण्यावर, एन्डो एमी या खेळाडूनें सर्वोच्च श्रेणीच्या स्पर्धेची अंतिम शर्यत जिंकली. त्या श्रेणींत स्त्रीनें मिळविलेला तो पहिलाच विजय. पांच पुरुष तिच्या मागें होते. तिचें एंजिन तिचें नव्हतें, बोट तिची नव्हती, पंखाहि तिचा नव्हता. स्पर्धा संपल्यावर तीं सर्व मैदानाच्या कोठारांत परत गेलीं, आणि पुढच्या चिठ्ठीनें दुसऱ्या कोणाच्या हातीं पडलीं. तिच्यापाशीं राहिलें तें त्या चिठ्ठीनें दिलेलें नव्हतें.